तांबट आळी: हेरिटेज वॉकसोबत की आपलं आपण?

पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची आळी, बघायचे दोन मार्ग. हेरिटेज वॉकमध्ये कसबा गणपती, बुरूड आळी आणि ही आळी एका सकाळी होते. पेशवाईत तांबट इथे कसे वसले तेही कळतं. पण कारखान्यात थांबायला वेळ थोडाच मिळतो, आणि मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके देण्याचं काम, घाईत बघायची गोष्टच नाही. हातोडीचा एकेक ठोका आधीच्या खुणेला चिकटून, ओळीत पडत जातो. त्यानेच तांबं कडक होतं, चकाकतं. हे डोळे भरून बघायचं तर एकट्यानेच जावं, विचारून दाराशी उभं राहावं, जमलं तर एखादा तांब्या तांबटांकडूनच घ्यावा. पेठ अगदीच अनोळखी असेल तर मात्र आधी वॉक करा. कुठल्या दारात विचारायचं ते कळतं.