डिचोलीची महाग गाडी की पुण्याची स्वस्त?

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीत क्वचितच एखादं घर असेल ज्याचा भाऊ, मामा किंवा मेव्हणा पुण्या-कोल्हापुरात नाही. जुनी गाडी बघतोय असं म्हटलं, की तिकडून फोन येतोच, "अरे, इथे पन्नास हजारांनी स्वस्त मिळते, घेऊन जा." हा फोन आला असेल तर पैसे देण्याआधी पुढचा हिशेब मांडून बघा.

समजा, एकाच मॉडेलच्या 2019 च्या दोन पेट्रोल गाड्या आहेत. डिचोलीची, जीए-04 पासिंगची, 4,60,000 ला. पुण्याची, एमएच-12, 4,10,000 ला.

डिचोलीच्या गाडीचं काम सरळ आहे. केंद्रीय नियमांप्रमाणे खासगी मोटारीच्या नोंदणीची फी 600 रुपये आणि मालक बदलण्याची त्याच्या निम्मी, म्हणजे 300. स्मार्ट कार्डाचे 200 वेगळे. राज्याचं काही शुल्क असलं तर वाहन पोर्टलवर अर्ज भरताना आकडा समोर येतो. विकणाऱ्याने फॉर्म 29 राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत द्यायचा, घेणाऱ्याने फॉर्म 30 भरून 30 दिवसांत अर्ज करायचा. पहिल्या मालकाने एकरकमी भरलेला रोड टॅक्स गाडीबरोबरच येतो, तुम्हाला पुन्हा भरावा लागत नाही. एजंट या कामाचे हजारो रुपये मागत असेल, तर त्यातली सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे पावती दाखवून सांगायला लावा.

पुण्याच्या गाडीला आधी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म 28. या फॉर्मवर चेसिस नंबरचा ठसा लागतो. नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. एक आकडा पुसट आला तर फॉर्म परत, आणि गाडी गोव्यात आणली असेल तर त्या एका आकड्यासाठी पुन्हा पुणे. जुनं चलान थकलेलं असेल तर तेही आधी भरायचं. एनओसी हातात आली, की गोव्यात नवा नंबर, नावावर करणं आणि गोव्याचा रोड टॅक्स. खरा खर्च हाच. गाडीचं मूळ बिल मालकाकडून आधीच मागून घ्या आणि ते दाखवून आपल्या आरटीओत टॅक्सचा आकडा विचारा. तो कळल्याशिवाय पुण्याला टोकनसुद्धा पाठवू नका.

महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मिळतो हे खरं. पण त्यासाठी गाडी गोव्यात नोंदवल्याचा पुरावा तिकडे द्यावा लागतो, म्हणजे आधी इकडे भरायचं आणि मग तिकडची वाट बघायची. तो परतावा तुमचा की जुन्या मालकाचा, हे व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. नंतर तोंडी बोलण्याला किंमत नसते.

"बारा महिने एमएच नंबरवर चालते" हेही ऐकाल. ती मुदत स्वतःची गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला आलेल्या माणसासाठी आहे. विकत घेणाऱ्याला नावावर करण्यासाठी 30 दिवसच.

माझं मत स्पष्ट आहे. टॅक्स, खेपा, अडकलेले पैसे धरले तर 50,000 चा फरक पुरत नाही. डिचोलीची घ्या. पुण्याची गाडी खरंच राखलेली असेल आणि फरक लाखाच्या वर जात असेल, तरच विचार करा.

डीलरकडून घेताना जीएसटीचं निमित्त सांगितलं जातं. जानेवारी 2025 पासून नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, पण तो त्याच्या नफ्यावर. गाडी 4,00,000 ला घेऊन 4,40,000 ला विकली तर 40,000 वर, म्हणजे 7,200. पूर्ण किमतीवर 18 टक्के लावणारा डीलर असेल तर तिथून उठा. घरगुती मालकाने आपली खासगी गाडी विकली तर जीएसटी नाहीच.

काळ्या पाटीची, पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी स्वस्तात दाखवली, तर ती आधी खासगी करून द्या म्हणावं.

माझ्या मामेभावाने गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या गाडीचं कर्ज फिटलं होतं. मालकाने बँकेचं पत्रही दाखवलं, पण आरसीवर बोजा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, तसाच होता, कारण कर्ज फिटल्यावर तो काढायचा फॉर्म 35 कोणी आरटीओत दिलाच नव्हता. गाडी दारात, हप्ता कोणाचाच नाही, आणि अडीच महिने नावावर होईना. बँकेचं पत्र पुरत नाही, आरसीवरून बँकेचं नाव गेलेलं बघा.

विम्याचंही तसंच. पॉलिसी 14 दिवसांत नावावर करायला कंपनीला कळवायचं. पण जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, त्याचाच राहतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे सवलतीचा फरक तुम्हाला भरावा लागतो. किंमत ठरवताना हा फरक विमा कंपनीकडून विचारून घ्या आणि तेवढे पैसे मालकाला कमी करायला सांगा.