लोमीलोमीसाठी तेल कोणते: कुकुई की खोबरेल?

घरी लोमीलोमी, म्हणजे हवाईची पारंपरिक मालिश, करू लागलेल्या माणसाला दाब किती द्यावा आणि हात कोणत्या दिशेने न्यावा, हे सरावाने हळूहळू कळू लागते. घोडे अडते ते तेलापाशी. हवाई बेटावरील वाइमेआ येथे नोकरीनिमित्त राहत असताना आम्ही पतीपत्नी रविवारी संध्याकाळी जमिनीवर चटई अंथरून आळीपाळीने एकमेकांची पाठ चोळत असू, आणि त्या काळात कुकुई (याच नावाच्या झाडाच्या बियांचे तेल) व खोबरेल अशी दोन्ही तेले भरपूर वापरून झाली.

परंपरेचा कौल घेऊन ही निवड करता येत नाही. कुकुई आणि नारळ ही दोन्ही झाडे पॉलिनेशियन दर्यावर्दींनीच होड्यांतून हवाईत आणली. कुकुईच्या तेलकट बिया नारळाच्या हिरात ओवून दिव्यासारख्या जाळल्या जात, आणि १९५९ मध्ये हे झाड हवाईचा राज्यवृक्ष ठरले. पण म्हणून खोबरेल उपरे ठरत नाही. शिवाय लोमीलोमीची रीत घराण्यागणिक निराळी असते. घरातच जपलेली ही विद्या बाहेरच्यांना शिकवणाऱ्या मार्गारेट माचाडो (१९१६–२००९) याच बेटावरच्या, दक्षिण कोना भागातल्या. काउआई बेटावरील पद्धत त्यांच्यापेक्षा बरीच वेगळी. तेव्हा अमुकच तेल शास्त्रोक्त, असे कोणी ठासून सांगितले तर ते हसून ऐकून घ्यावे.

पहिली फेरी कुकुई सहज जिंकते. हे तेल पातळ, जवळजवळ बिनवासाचे, आणि मालिशनंतर अंगावर चिकटपणा राहत नाही. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, आणि सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या, सतत भुरभुर पाऊस असलेल्या वाइमेआत आमची खोबरेलाची बाटली बहुतेक वेळा पांढरी घट्टच असे.

तरीही माझे मन कुकुईवरून उतरले ते एका बारीकशा गोष्टीमुळे. लोमीलोमीतला मला सर्वांत आवडणारा हात म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग कमरेवर आडवा टेकवून, मणक्याच्या कडेने वर खांद्यापर्यंत, खांद्याला वळसा घालून दंडावरून खाली थेट तळव्यापर्यंत, मध्ये कोठेही न थांबता नेणे. कुकुई त्वचेत इतके झटपट मुरते की खांद्याच्या फऱ्यापाशी पोहोचेपर्यंत घसरण संपते, लव ओढली जाते आणि तेल घेण्यासाठी हात उचलावा लागतो. हात उचलला की खाली पडलेले माणूस डोळे उघडते. माझी पत्नी दर वेळी विचारी, “झालं का?” एका मालिशमध्ये हा प्रश्न पाच-सहा वेळा ऐकल्यावर त्यातला विसावा किती उरत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. सारखे ओतत राहिले तर हे टळते, हे मान्य. पण मग छोटी, महागडी बाटली दोन-तीन रविवारांतच तळ गाठते.

दुसरी तक्रार धुलाईची. कुकुई हे जवसाच्या तेलासारखे हवेत सुकत जाणारे तेल आहे. त्याचा हलकेपणा आणि लवकर खवट होण्याचा स्वभाव दोन्ही एकाच कारणातून, म्हणजे त्यातील लिनोलेइक व लिनोलेनिक आम्लांतून येतात. आमच्या पंचांना धुऊनही जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला. असे तेल मुरलेले कपडे ड्रायरमधून काढून गरम असतानाच ढिगात ठेवू नयेत, कारण ते आपोआप तापून पेटू शकतात.

खोबरेलाचीही बाजू अगदी निर्मळ नाही. माझ्या पाठीवर त्याने पहिल्या महिन्यात पुरळ उठली, आणि ज्यांची त्वचा मुळातच तेलकट आहे त्यांनी कुकुईच घ्यावे, असे मला वाटते. शिवाय ज्याच्या डोक्यावर लहानपणी आजीने दर रविवारी खोबरेल थापले, त्याच्या नाकाची साक्ष तटस्थ मानता येणार नाही. पण थिजण्यावर उपाय आहे: बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली की दहा मिनिटांत तेल पातळ होते, आणि कोमट तेलाचा पहिला स्पर्श हा वेगळाच लाभ. मग एका ओंजळीत अख्खी पाठ आणि एक हात पुरा होतो, आणि मधला तो प्रश्न कोणी विचारत नाही.

कुकुईची बाटली आमच्याकडे अजूनही असते, मात्र चेहऱ्यासाठी आणि उन्हातून आल्यावर ओढलेल्या हातापायांसाठी, तीही लहान आणि फ्रिजमध्ये. पाठीची वेळ आली की आधी पाण्याचे भांडे तापत ठेवले जाते.