डरहॅम बुल्सचं स्टेडियम: जागा, सामना आणि आजूबाजूचा डाउनटाउन

नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम शहरात ब्लॅकवेल स्ट्रीटवर ‘डरहॅम बुल्स अ‍ॅथलेटिक पार्क’ हे बेसबॉलचं स्टेडियम आहे. इथली माणसं त्याला नुसतं ‘डीबॅप’ म्हणतात. राली, केरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की त्यांना बेसबॉल कुठे दाखवायचा, हा प्रश्न त्या घरांत हमखास निघतो. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे, आणि स्टेडियम गावाच्या मधोमध असावं की हायवेला लागून, या वादात ज्यांना रस आहे त्यांच्यासाठीही.

आधी निकाल सांगतो. मैदान म्हणून डीबॅप फार चांगलं आहे. मात्र ‘डाउनटाउनमध्ये स्टेडियम बांधलं आणि डाउनटाउन जिवंत झालं’ ही जी गोष्ट सांगितली जाते, ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी समोरच्या तंबाखूच्या कारखान्यात आहे.

बुल्स हा टॅम्पा बे रेज या मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या, संघाचा ट्रिपल-ए संघ. ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीगच्या बरोबर एक पायरी खाली. १९९८ पासून हे नातं आहे. एव्हान लाँगोरिया, डेव्हिड प्राइस, ब्लेक स्नेल हे तिघंही डरहॅममध्ये खेळून वर गेले. पण मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगखालच्या पायऱ्यांवर, संघाचे खेळाडू संघाच्या हातात नसतात. आज रात्री जो पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) टाकणार म्हणून जाहीर झालाय, त्याला दुपारी वरच्या संघाकडून बोलावणं आलं की तो निघाला. त्यामुळे एखाद्या ताऱ्यासाठी महिनाभर आधी तिकीट काढून ठेवणारा प्रेक्षक इथे फारसा नसतो. बहुतेकांचा बेत त्याच आठवड्यात, बऱ्याचदा त्याच दिवशी ठरतो. असा बेत मोडायला अर्ध्या तासाची जास्तीची ड्राइव्ह पुरेशी असते. मायनर लीगमध्ये जागेला एवढं महत्त्व येतं ते यामुळे.

वेळापत्रकाचा हिशेबही बघा. २०२१ पासून मायनर लीगची नवी रचना आली. ट्रिपल-एमध्ये एक पाहुणा संघ येतो आणि मंगळवार ते रविवार असे सलग सहा सामने खेळतो, सोमवार सुट्टीचा. घरच्या मैदानावर हंगामात साधारण ७५ सामने होतात. सहापैकी तीन दिवस मंगळ, बुध आणि गुरुवार, म्हणजे जवळपास निम्मे सामने आठवड्याच्या मधल्या कामाच्या दिवशी, आणि हंगामाच्या दोन्ही टोकांना तर पोरांची शाळाही सुरू असते. शनिवारची गर्दी कुठल्याही स्टेडियमला जमते. बुधवारी साडेसहाला लोक आणता येतात का, यावर वर्षाचा आकडा ठरतो. ऑफिसमधून सुटून चालत दहा मिनिटांत गेटवर पोचणारे लोक असतील तर बुधवार भरतो. ट्रॅफिकमधून आधी घरी, मग पोरांना घेऊन पुन्हा हायवेवर, असं करावं लागत असेल तर नाही भरत.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण याच राज्यातल्या शार्लटचं. शार्लट नाइट्स हा संघ १९९० ते २०१३ राज्याच्या सीमेपलीकडे, साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट मिल इथे खेळायचा. मोठं स्टेडियम, प्रशस्त पार्किंग, लागूनच इंटरस्टेट. शेवटच्या हंगामात प्रेक्षक आले अडीच लाखांच्या आसपास. २०१४ मध्ये तोच संघ शार्लटच्या मध्यवस्तीत, बँकांच्या टॉवरखाली बांधलेल्या नव्या मैदानात आला आणि त्या वर्षी ६ लाख ८७ हजारांहून अधिक लोक आले. संघ तोच, लीग तीच, पत्ता तेवढा बदलला. नवीन स्टेडियमला पहिली काही वर्षं नवलाईची गर्दी असते हे खरं, आणि तेवढी वजावट केलीच पाहिजे. पण पुढची तीन वर्षंही आकडा सहा लाखांच्या वर राहिला. एवढी मोठी उडी नुसत्या नवलाईने मारता येत नाही.

उलट बाजू जॉर्जियातल्या ग्विनेट काउंटीत दिसते. अटलांटाचा ट्रिपल-ए संघ २००९ मध्ये रिचमंडहून तिथे, उपनगरातल्या कोऱ्या स्टेडियममध्ये आणला. दहा हजारांची क्षमता, काउंटीची लोकसंख्या भरपूर, तरीही प्रेक्षकसंख्येत हा संघ लीगच्या तळाशी राहत आलाय. आजूबाजूला लोक राहतात पुष्कळ, पण पायी कोणीच येत नाही.

डरहॅमच्या शेजारचं झेब्युलॉनही बघण्यासारखं आहे. कॅरोलिना मडकॅट्स या दुसऱ्या मायनर लीग संघाचं फाइव्ह काउंटी स्टेडियम १९९१ मध्ये रालीच्या पूर्वेला, शेतांच्या मधे बांधलं गेलं, आणि त्याचं कारण खुद्द डरहॅम होतं. बुल्सच्या हद्दीपासून ३५ मैलांच्या आत दुसऱ्या संघाला बस्तान बसवता येत नव्हतं. ती रेषा ओलांडल्यावर जी जागा मिळाली, ती झेब्युलॉन. स्टेडियमची जागा नकाशावरच्या वर्तुळाने ठरवली की काय होतं, ते तिथे दिसायचं: सामना संपला की शेवटची मोटार पार्किंगमधून निघेपर्यंतच गाव जागं. २०२५ हा तिथला शेवटचा हंगाम. २०२६ पासून तो संघ ‘वॉरबर्ड्स’ या नावाने विल्सन शहराच्या डाउनटाउनमधल्या नव्या स्टेडियममध्ये.

पुणेकरांना यातलं बरंच न सांगता कळेल. गहुंज्याचं स्टेडियम देखणं आहे, पण एक्स्प्रेस वेच्या कडेला. तिथे सामना म्हणजे अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम, आणि परतताना पार्किंगमधून बाहेर पडण्याची झटापट वेगळी. वानखेडेवरून बाहेर पडलेला माणूस चालत चर्चगेट गाठतो आणि वाटेत काहीतरी खातोही. वर्षातून मोजके सामने असतील तर गहुंजे चालून जातं. ७५ सामने भरायचे असतील तर वानखेडेसारखीच जागा लागते.

आता डीबॅपकडे वळू. बुल्स आधी डाउनटाउनच्या उत्तर टोकाला, जुन्या डरहॅम अ‍ॅथलेटिक पार्कमध्ये खेळत. ते मैदान १९२६ चं. १९३९ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं. १९८८ मध्ये एका चित्रपटामुळे ते देशभर पोचलं आणि गर्दी त्याला पेलेना. नवं स्टेडियम तेव्हा जवळजवळ विमानतळाकडे गेलंच होतं. संघाचे मालक जिम गुडमन यांच्या मनात तिथे एक मोठं क्रीडासंकुल होतं. डरहॅम काउंटीच्या मतदारांनी १९९० मध्ये नव्या स्टेडियमसाठीचे कर्जरोखे फेटाळले. तरीही शहराने मतदान न लागणारा दुसरा मार्ग काढून पैसे उभे केले आणि स्टेडियम डाउनटाउनमध्येच ठेवलं. १९९५ मध्ये ते उघडलं. बाल्टिमोरचं कॅम्डन यार्ड्स ज्या फर्मने केलं, तिचंच हे काम. विटांची कमानदार दर्शनी भिंत जुन्या तंबाखूच्या गोदामांशी नातं सांगते. ट्रिपल-ए आल्यावर क्षमता सुमारे दहा हजारांवर नेली, २०१४ मध्ये मोठं नूतनीकरण झालं. मालकी आजही शहराची आहे.

पण पुढची नऊ वर्षं काय झालं, हे सहसा सांगितलं जात नाही. समोरचा अमेरिकन टोबॅकोचा प्रचंड कारखाना १९८७ मध्ये बंद पडला होता आणि स्टेडियम उघडल्यानंतरही रिकामाच राहिला. लोक यायचे, मोटार लावायचे, सामना बघायचे, निघून जायचे. कारण सरळ आहे: ७५ संध्याकाळी म्हणजे वर्षाचा पाचवा हिस्सा. त्यातही गर्दी सामन्याआधी तासभर आणि नंतर अर्धा तास, मधले अडीच तास ती भिंतीआड. एवढ्यावर कुठलंही हॉटेल भाडं भरू शकत नाही. २००४ मध्ये बुल्सच्याच मालक कंपनीने, कॅपिटल ब्रॉडकास्टिंगने, कारखाना दुरुस्त करून ऑफिसं आणि खाण्याच्या जागांसाठी उघडला. मग दुपारच्या जेवणाला ऑफिसवाले, संध्याकाळी सामन्याचे लोक, आणि २००८ मध्ये शेजारीच डीपॅक हे सुमारे २७०० आसनांचं नाट्यगृह आल्यावर हिवाळ्यातही प्रेक्षक. आउटफिल्डच्या मागे ‘डायमंड व्ह्यू’च्या ऑफिस इमारती उभ्या राहिल्या. आता स्टेडियम बंद असतं तेव्हाही रस्ता बंद नसतो. स्टेडियमने लोकांना या कोपऱ्यावर यायची सवय लावली, हे त्याचं श्रेय, आणि ते मोठं आहे. पोट भरलं ते बाकीच्यांनी. संघाची मालकी आणि कारखान्याची मालकी एकाच कंपनीकडे होती म्हणून हे जुळलं. ज्या शहरांनी फक्त स्टेडियम बांधून पार्किंगच्या सपाट मैदानांनी वेढून टाकलं, तिथे हे जुळलेलं नाही.

जागेत दोष आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. जुना डाउनटाउन, म्हणजे मेन स्ट्रीट आणि पॅरिश स्ट्रीट, रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. अंतर चालत दहा मिनिटांचं, पण ब्लॅकवेल स्ट्रीटवर रूळ रस्त्याच्या पातळीवरच ओलांडावे लागतात. मालगाडी आली की फाटकापाशी थांबायचं. त्यामुळे सामन्याची बरीचशी गर्दी रुळांच्या अलीकडेच खाते-पिते आणि परत जाते. दुसऱ्या बाजूला १४७ क्रमांकाचा फ्रीवे आहे. हा फ्रीवे आणि त्यासोबतची पुनर्विकास योजना यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत हेटी ही भरभराटीची कृष्णवर्णीय वस्ती उद्ध्वस्त केली. डाउनटाउनच्या पुनरुज्जीवनाबद्दल बोलताना हेही बोलावं लागतं: तुटलेली ती बाजू स्टेडियमने जोडलेली नाही, आणि डाउनटाउन वर आल्यावर जवळच्या जुन्या वस्त्यांमधली भाडी चढली.

आत मात्र तक्रारीला जागा कमी. सर्वांत मागच्या रांगेतूनही पिचरच्या हाताची हालचाल दिसते. मेजर लीगच्या चाळीस हजारांच्या स्टेडियममध्ये ते स्वस्त तिकिटावर शक्य नाही. डावीकडची निळी भिंत, ‘ब्लू मॉन्स्टर’, ३२ फूट उंच आणि होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, फक्त ३०५ फुटांवर. दुसऱ्या मैदानात होम रन (बेसबॉलचा षटकार) झाला असता असा चेंडू इथे भिंतीवर आपटून परत येतो, आणि सपाट जोरदार फटका डबलवर, म्हणजे दुसऱ्या बेसवर, थांबतो. उलट उंच उडालेला, फारसा लांब नसलेला चेंडू कधीकधी भिंतीवरून जातो. भिंतीतला धावफलक हाताने बदलला जातो. तिच्या वर बैलाची पाटी: होम रन झाला की डोळे पेटतात, शेपूट हलते, नाकपुड्यांतून धूर येतो. बैलाला चेंडू लागला तर फलंदाजाला स्टेक, गवताला लागला तर सॅलड, असं पाटीवरच लिहिलंय. लहान मुलांना घेऊन गेलात तर जिथून ही पाटी समोर दिसेल अशाच सीट घ्या. तिरक्या कोनातून मजा अर्धी होते.

क्रिकेटची सवय असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: पिच क्लॉक आल्यापासून खेळ पटापट पुढे सरकतो. बेसवर कोणी नसेल तर पिचरला साधारण पंधरा सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. नऊ इनिंग्ज साधारण अडीच-पावणेतीन तासांत आटोपतात. पूर्वीसारखं तिसऱ्या इनिंगला आरामात पोचायचं म्हटलंत तर जवळपास पाव सामना हुकलेला असेल.

पार्किंग हा इथला सगळ्यात चुकणारा भाग आहे. अमेरिकन टोबॅकोच्या डेकमध्ये जागा मुबलक दिसते, पण डीपॅकला त्याच संध्याकाळी मोठा खेळ असेल तर दोन्हीकडची गर्दी एकाच वेळी आत शिरते. तिकीट काढायच्या आधी डीपॅकचं वेळापत्रक बघा. दोन्ही एकाच दिवशी असतील तर सामन्याच्या तासभर आधी पोचा, किंवा रुळांपलीकडे जुन्या डाउनटाउनच्या डेकमध्ये लावून चालत या. परतताना तिथूनच लवकर सुटका होते, कारण फ्रीवेकडे जाणारी रांग स्टेडियमच्या बाजूला लागते. फटाक्यांची रात्र असेल तर ही रांग दुप्पट धरून चाला. मोटार नकोच असेल तर डरहॅम स्टेशनच्या बस आणि अ‍ॅमट्रॅकचं रेल्वे स्टेशन दोन्ही चालत गाठता येतात. केरी आणि रालीहून येताना गाडी छान आहे. परतीची शेवटची गाडी मात्र सामना संपायच्या आधीच सुटू शकते, म्हणून परतीची वेळ आधी तपासा.

जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी गडगडाटी पाऊस ठरलेला. पाच इनिंग्ज पूर्ण झाल्यानंतर पावसाने सामना थांबला तर निकाल धरला जाऊ शकतो आणि तिकीट वसूल झालं असं मानलं जातं. सामना पुढे ढकलला गेला तर बहुधा एका दिवशी सात-सात इनिंग्जचे दोन सामने होतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी मे महिन्यातला बुधवार किंवा गुरुवार उत्तम: हवा बरी, गर्दी मध्यम, पुढच्या सीट सहज मिळतात.

खाण्याबाबत शाकाहारींनी फार आशा ठेवू नये. पॉपकॉर्न, शेंगा, प्रेट्झेल, नाचोज यावर भागतं. हॉट डॉगमध्ये कुठलं मांस आहे ते काउंटरवर विचारूनच घ्या. पोटभर जेवायचं असेल तर गेट उघडण्याआधी समोर कारखान्यात जेवून या. तिथे जुन्या विटांच्या इमारतींमधून पाण्याचा पाट काढलाय, वर लकी स्ट्राइकची चिमणी आणि पाण्याची टाकी तशीच उभी आहे. ज्येष्ठांना बसायला सावली आणि मुलांना पळायला मोकळी जागा, दोन्ही तिथे आहे. साडेपाचला तिथे टेबल मिळतं, सहानंतर नाही.