प्ले थेरपीची उमेदवारी, १४ महिन्यांनंतर: शिकणं सोन्यासारखं, वाळूचा ट्रे गळका

मागच्या महिन्यात भर सत्रात ट्रेचा कोपरा उकलला आणि वाळू सतरंजीवर सांडायला लागली, म्हणून लिहायला बसले. मूल खेळातून मन मोकळं करतं, ती प्ले थेरपी; सोलापुरात एका थेरपिस्ट ताईंच्या हाताखाली मी तिची उमेदवारी करतेय. थिअरी, सुपरव्हिजन, सत्रांचे तास यांत शिरत नाही.

आधी ट्रे, म्हणजे मूल ज्यात वाळू आणि खेळणी मांडून खेळतं ती उथळ पेटी. ३० इंच लांब, २० रुंद, ३ खोल, आतून निळा, म्हणजे वाळू सारली की पाणी असल्यासारखं दिसतं. लंडनमध्ये मुलांच्या डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२९ च्या सुमारास वाळू आणि छोटी खेळणी मुलांपुढे ठेवली, तेव्हा मुलंच त्याला ‘जग’ म्हणायला लागली. एवढं महत्त्वाचं साधन, आणि विकणाऱ्याने चारही कोपरे नुसत्या खिळ्यांवर ठोकलेले! ट्रे, वाळू अशा तयार किटचे ९,८०० रुपये मोजले होते मी. मे महिन्यात लाकूड आकसलं. चार वेळा फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘दमट हवेमुळे झालं असेल.’ सोलापुरात मे महिन्यात दमट हवा? पैसे परत करायचे नसतील तर तसं सांगा, खोटं बोलू नका.

शेवटी गल्लीतल्या सुताराकडून खाचा पाडून, गोंद लावून नवा ट्रे करून घेतला. रंगासकट १,९०० रुपये. किटमधली वाळू पिठासारखी होती, हात घातला की धूळ उडायची. साधी नदीची वाळू चाळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, गच्चीवर वाळवा. किट घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते.

उमेदवारीबद्दल पहिले तीन महिने माझी तक्रारच होती. फी भरायची आणि खेळणी पुसायची, कोपऱ्यात बसून वही भरायची. मी ११ वर्षं बालवाडीत शिकवलं, मला मुलं कळतात असं वाटायचं. ताईंनी वही तपासली आणि जिथे जिथे मी मुलाला प्रश्न विचारला होता तिथे लाल खूण केली. एका सत्रात २३ खुणा. ‘शाब्बास’वरही खूण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ मध्ये मांडलेली प्ले थेरपीची आठ तत्त्वं मला पाठ होती: मूल पुढे, आपण मागे, घाई करायची नाही. पण पाठ असणं वेगळं आणि तोंडातला ‘शाब्बास’ गिळणं वेगळं. तेव्हापासून फीबद्दल कुरकुर केली नाही. असं लाल पेन कुठल्याही ऑनलाइन कोर्समध्ये मिळणार नाही.

आणि त्या गळक्या कोपऱ्याबद्दलही मत थोडं बदललंय. (मुलाची ओळख पटेल असे तपशील बदललेत.) त्या सत्रातला मुलगा सहा आठवडे खोलीत एक शब्द बोलला नव्हता. वाळू गळायला लागली तशी मी चिकटपट्टी आणायला उठणार, तोच ताईंनी मानेनेच ‘नको’ म्हटलं. तो खाली बसला, धारेखाली ओंजळ धरली आणि तेलुगूत पुटपुटला, ‘चाललीय.’ मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेय, शेजारपाजार सगळा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा, म्हणून कळलं. तेच मी त्याच्या भाषेत परत म्हटलं. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं वाळू जाताना बघत होतो.

एक सावधगिरी: क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या (आरसीआय) नोंदणीत प्ले थेरपिस्ट असा वेगळा वर्ग नाही. उमेदवारी संपली म्हणून पाटीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहिता येत नाही. प्रवेश घेतानाच हे विचारून घ्या.

जुना ट्रे मी भंगारात देणार होते, ताई म्हणाल्या राहू दे. पुढच्या बुधवारी तो मुलगा आला, नव्या ट्रेचे चारही कोपरे बोटाने चाचपले आणि जुन्याकडे जाऊन बसला. आता त्या कोपऱ्याखाली मी घरची परात ठेवते.