प्रेस शॉपमध्ये लीन: वर्षभरानंतर काय टिकलं

भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा प्रेस शॉप आहे. मोजके पॉवर प्रेस, वीस-पंचवीस माणसं, गाड्यांना लागणारे ब्रॅकेट आणि क्लॅम्प. ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये दर वेळी लीनबद्दल, म्हणजे वाया जाणारा वेळ, माल आणि साठा कमी करण्याच्या पद्धतीबद्दल, विचारणा व्हायची, म्हणून गेल्या वर्षी सल्लागार नेमून सुरुवात केली. आता वर्ष होत आलं, तेव्हा जे दिसलं ते लिहितो.

पैसे कुणी वसूल करून दिले असतील तर ते एकट्या डाय-चेंजने, म्हणजे पत्र्याला आकार देणारा प्रेसमधला साचा (डाय) झटपट बदलण्याने. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी 1969 साली टोयोटात हजार टनी प्रेसची चार तासांची डाय बदली आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली होती. आमच्याकडे शंभर टनी प्रेसला सव्वा-दीड तास जायचा. त्यात प्रत्यक्ष डाय बसवायला किती? फार तर तिसरा हिस्सा. बाकीचा वेळ प्रेस बंद ठेवून रॅकमधून डाय शोधणं, पान्हा शोधणं, प्रत्येक डायची उंची वेगळी म्हणून पॅकिंगच्या पट्ट्या लावून बघणं, आणि पहिला पीस हातात घेऊन क्वालिटीवाल्याची वाट बघणं, यात जायचा.

तत्त्व सोपं आहे: जे काम प्रेस चालू असताना होऊ शकतं, ते प्रेस बंद करून करायचं नाही. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर येऊन थांबते. जास्त चालणाऱ्या डायना खाली पॅरलल (आधाराचे समान जाडीचे ठोकळे) लावून सगळ्यांची शट हाइट, म्हणजे बंद डायची उंची, एक केली, त्यामुळे रॅम वरखाली करत बसावं लागत नाही. क्लॅम्पिंगची जागाही एकाच उंचीवर आणली, म्हणजे बोल्ट एकाच मापाचे. पान्हा प्रेसलाच साखळीने बांधलाय (नाहीतर सेकंड शिफ्टला तो गायब होतो). आता वीस-पंचवीस मिनिटांत पहिला ओके पीस निघतो. तीन मिनिटांची स्वप्नं आम्ही बघत नाही.

यातलं निम्मं डोकं आमच्या जुन्या सेटरचं, म्हणजे डाय लावणाऱ्या मामांचं. सल्लागार स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला, तशी माणसं सावध झाली. माणसं कमी करायला आलाय असाच सगळ्यांचा समज. शेवटी मामाच त्याला म्हणाले, "साहेब, घड्याळ खिशात ठेवा आणि हे जरा धरा." त्यानंतर काम पुढे सरकलं. कुणालाही काढणार नाही हे मालकाने पहिल्याच दिवशी उघड सांगायला हवं, असं माझं मत आहे.

खरा फायदा मात्र वेळेपेक्षा बॅचचा. डाय लावायला दीड तास जातो म्हटल्यावर कोण पाचशे पीस काढून उतरवणार? एकदा लावली की पाच हजार काढायचे आणि बिन भरून ठेवायचे. मग पंच बोथट झाल्याने बर (कडेला उरलेली धारदार कोर) आलेला माल वेल्डिंगला गेल्यावर कळायचा आणि अख्खी बॅच रिवर्कला. आता लहान बॅच काढतो, खोट त्याच दिवशी पुढच्या टेबलावर पकडली जाते. रिवर्कचं टेबल रिकामं पाहायची सवय अजून झालेली नाही.

फाइव्ह-एस, म्हणजे शॉपमधली आवराआवर आणि सफाईची शिस्त, बरं आहे, पण त्याचा गाजावाजा जास्त. पहिल्या सफाईत भंगार निघालं, जागा झाली. फरशीवरच्या पिवळ्या टेप तेलाने महिन्याभरात सुटल्या. एपॉक्सी पेंट टिकला. भिंतीवरची पोस्टर कुणी वाचत नाही.

व्हॅल्यू स्ट्रीम मॅपवर, म्हणजे माल आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंतचा प्रत्येक टप्पा आणि वेळ दाखवणाऱ्या नकाशावर, मी आधी हसलो होतो. कागद भिंतीवर लावला तेव्हा दिसलं की एका ब्रॅकेटवर प्रत्यक्ष काम होतं काही मिनिटं आणि तो आमच्या हिशोबात राहतो नऊ-दहा दिवस. त्यातला बहुतेक काळ झिंक प्लेटिंगच्या वेंडरकडे रांगेत. प्रेसचा वेग कितीही वाढवा, ते दिवस कमी होत नाहीत. आता आम्ही आठवड्याला एक मोठा टेम्पो भरण्याऐवजी एक दिवसाआड थोडा माल पाठवतो. भाडं वाढलं, पण दिवस कमी झाले.

कानबान, म्हणजे पुढच्याने कार्ड पाठवलं की तेवढाच माल काढायचा ही पद्धत, पूर्ण जमलं नाही. आत, प्रेस ते वेल्डिंग, कार्ड चालतात. ग्राहकाशी चालत नाहीत, कारण शेड्यूल गुरुवारी वेगळं आणि शनिवारी वेगळं. त्यांचं जस्ट-इन-टाइम (लागेल तेव्हाच माल मागवणं) म्हणजे त्यांच्या गोदामातला साठा आमच्या शेडमध्ये, आमच्या पैशांत. टोयोटाची पद्धत उभी राहिली ती उत्पादन समपातळीत, म्हणजे रोज साधारण सारखं, ठेवण्यावर, हे वेंडर मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी केंद्राची लीन योजना मार्च 2023 मध्ये नव्याने सुरू झाली आहे. उद्यम नोंदणी लागते. बेसिक पातळी फुकट आहे, पुढच्या पातळ्यांवर सल्लागाराच्या फीचा 90 टक्के वाटा सरकार उचलतं. आम्ही आधीच खाजगी सल्लागार घेऊन बसलो होतो. तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी ते बघा, आणि सल्लागाराला एक अट घाला: सेकंड शिफ्टलाही शॉपवर उभं राहायचं.