नॅशव्हिलची घोस्ट वॉक: भूत सोसो, गोष्ट एक नंबर

लाँग वीकेंडला अटलांटाहून नॅशव्हिलला गेलो होतो, आम्ही दोघं, लेक आणि इंडियाहून आलेल्या सासूबाई. नवऱ्याला कंट्री म्युझिकचं जुनं वेड आहे, त्यामुळे रायमन ऑडिटोरियम हे तिथलं जुनं थिएटर दिवसा बघून झालंच होतं, मग रात्री काय करायचं म्हणून ही घोस्ट वॉक बुक केली, माणशी ३५ डॉलर, दीड तास. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अशा टूर्स तिथे पायलीला पन्नास आहेत आणि माझ्या मते सगळ्या थोड्याफार सारख्याच असणार. एक आधीच सांगते, नॅशव्हिलचं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे आहे, आम्ही हे विसरलो आणि धावतपळत तासभर आधी पोचून फुटपाथवर उभे राहिलो.

टूर सगळी कंट्री गायक हँक विल्यम्सच्या भोवती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अलाबामाचा पोरगा, १९२३ चा जन्म, पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष त्यामुळे आयुष्यभर दुखणं, आणि त्या दुखण्यावर दारू आणि औषधं. १९४९ च्या जूनमध्ये ग्रँड ओल ऑप्रीत, म्हणजे कंट्री म्युझिकच्या सगळ्यात गाजलेल्या रेडिओ शोमध्ये, पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा पब्लिकने डोक्यावर घेतला, आणि १९५२ च्या ऑगस्टमध्ये त्याच ऑप्रीने पिऊन येतो, शो बुडवतो म्हणून काढून टाकला. पुढच्या पाच महिन्यांत गेलाच, वय वर्षं २९. ऑप्री तेव्हा या रायमनमध्येच भरायची, म्हणून त्याचं भूत इथे.

आता भुताचा भाग. हातात कंदील (बॅटरीवाला), डोक्यावर हॅट असलेली गाइड, आणि प्रत्येक फॅमिलीला एक छोटं मीटर देतात, भूत जवळ आलं की लाल लाइट लागतो म्हणे. ब्रॉडवे या तिथल्या बारवाल्या रस्त्यावर डोक्यावर एवढे निऑन बोर्ड, खिशात सगळ्यांचे फोन, ते मीटर पहिल्या मिनिटापासून दिवाळीच्या माळेसारखं चमकत होतं. लेक खुश, बाकी काही उपयोग नाही. शिवाय मधूनमधून लग्नाआधीची पार्टी करणाऱ्या, पॅडल मारत दारू पीत किंचाळणाऱ्या नवऱ्यामुलींच्या गाड्या जातात, भूत असेलच तर तेच बिचारं घाबरून गेलं असेल.

रायमनच्या मागच्या गल्लीत पांढऱ्या सूटमधला उंच किडकिडीत माणूस दिसतो, रिकाम्या स्टेजवर धुक्यासारखं काहीतरी उभं राहतं, अशा गोष्टी गाइडने सांगितल्या. ठीक. पण पुढे ती म्हणाली की हँक शोच्या मधल्या वेळात गल्ली ओलांडून टूट्सीज नावाच्या बारमध्ये प्यायला यायचा आणि अजून येतो. अहो, तो बार टूट्सीबाईंनी घेतला १९६० मध्ये! हँकला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, त्याच्या वेळी तिथे 'मॉम्स' नावाचा बार होता. नवरा हळूच हे बोलला तर गाइड हसली आणि पुढे चालायला लागली. नंतर तिने एक किस्सा सांगितला, अलाबामातल्या माँटगोमरीहून नॅशव्हिलला निघालेल्या एका गिटारवाल्याला जुन्या कॅडिलॅकमधला फिकुटलेला माणूस लिफ्ट देतो आणि शहर आलं की त्याला उतरवून गाडी परत अलाबामाकडे वळवतो. तिच्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या कुणाला हा अनुभव आलाय म्हणे. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, कारण हे १९८३ चं डेव्हिड ॲलन कोचं 'द राइड' गाणं आहे, जसंच्या तसं. आपल्याकडे कसं शनिवारवाड्यातलं 'काका मला वाचवा' प्रत्येकाच्या मावसभावाच्या मित्राने ऐकलेलं असतं, तसंच.

इथपर्यंत मी दोन स्टार द्यायच्या मूडमध्ये होते. पण शेवटी तिने गल्लीच्या टोकाला आम्हाला उभं केलं, कंदील बंद केला, मीटर खिशात टाकायला लावली आणि हँकची शेवटची रात्र सांगितली, आणि ते मात्र खरंच अंगावर आलं. १९५२ चा शेवटचा दिवस, वेस्ट व्हर्जिनियातला चार्ल्सटनचा शो बर्फाने रद्द, दुसऱ्या दिवशी ओहायोत कँटनला शो. नॉक्सव्हिलच्या हॉटेलात डॉक्टरने मॉर्फिन टोचलं, हॉटेलच्या पोरांनी त्याला उचलून कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर ठेवलं, गाडी चालवायला कॉलेजातला एक पोरगा. वाटेत पोलिसाने गाडी अडवून चलान फाडलं. रात्रभर पोरगा गाडी हाकतोय, मागे ब्लँकेटखाली हँक, आणि नेमका कधी गेला ते त्या गाडीत कुणालाच कळलं नाही. वेस्ट व्हर्जिनियात ओक हिलला पोचेपर्यंत थंडगार पडला होता. कँटनला स्टेजवरून सांगितलं तेव्हा पब्लिक हसलं, त्यांना वाटलं नेहमीचं कारण, दारू पिऊन पडला असेल. मग पडद्यामागून बाकीचे कलाकार त्याचंच गाणं म्हणायला लागले तेव्हा लोकांना कळलं. आणि त्या दिवसांत त्याचं जे नवीन गाणं चार्टवर चढत होतं त्याचं नावच 'या जगातून मी जिवंत सुटणार नाही' असं होतं. हे सगळं खरं घडलेलं, यात कुठेही धुकं नाही.

नेमका त्याच वेळी मागच्या बारच्या किचनमधून एकाने बाटल्यांची पिशवी डब्यात आपटली आणि आम्ही पंधरा जण एकदम उडालो. पैसे तिथे वसूल.

सासूबाई कुडाळच्या. देवचार, मुंजा, चकवा हे सगळं त्यांच्यासाठी शेजारीपाजारी असल्यासारखं, त्यामुळे त्या पूर्ण टूरभर स्वेटरच्या खिशात हात घालून शांत होत्या, मी अधूनमधून भाषांतर करत होते. ऑप्रीने काढून टाकलं आणि परत बोलावलंच नाही हे सांगितल्यावर पहिल्यांदा मान हलवली. म्हणाल्या, "तेचा कायतरी रवला आसतला, उगाच कोण कित्याक येतलो?" गाइडने दीड तासात जे सांगितलं नाही ते यांनी एका वाक्यात सांगितलं. हॉटेलवर येऊन मला विचारतात, त्या कँटनच्या लोकांना तिकिटाचे पैसे परत दिले का गं.

एकूण साडेतीन स्टार, त्यातला एक सरळ त्या बाटल्यांच्या पिशवीला. जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवारी ब्रॉडवेच्या गोंगाटात गाइडचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही. रायमन टूरमध्ये बाहेरूनच दाखवतात, आत जायला वेगळं तिकीट काढून दिवसा जावं लागतं, आणि ते जरूर करा, तिथल्या लाकडी बाकांवर नुसतं बसलं तरी छान वाटतं. म्हाताऱ्या माणसांना चालणं फार नाही पण बसायला कुठेच नाही. आणि बाथरूमला आधीच जाऊन घ्या, मध्ये कुठेही थांबत नाहीत, आमच्या लेकीला सगळ्यात जास्त टेन्शन त्याचंच आलं होतं.