दोनशे तासांचे पैसे, चाळीस तासांचं लॉगबुक

पायलट व्हायला निघालेली मुलं बहुतेकदा खऱ्या शाळेतच फसतात. धावपट्टी खरी असते, हँगरमध्ये सेसनाचं छोटं विमान उभं असतं, ऑफिसच्या भिंतीवर डीजीसीएचं (देशाच्या विमान वाहतूक नियामकाचं) मान्यतापत्र फ्रेम करून लावलेलं असतं. वडिलांनी शेत किंवा फ्लॅट बँकेकडे तारण ठेवून ४५-५० लाख भरलेले असतात आणि दीड वर्षाने पोराच्या लॉगबुकात (उड्डाणाच्या तासांच्या वहीत) ४० तास असतात. शाळा पळून गेलेली नसते. फोन उचलते, गोड बोलते, 'पुढच्या महिन्यात नवीन एअरक्राफ्ट येतंय' म्हणते. त्यामुळे आपण फसलोय हे घरच्यांच्या लक्षात यायलाच आणखी एक वर्ष जातं.

इथे सगळा खेळ तासांचा आहे, म्हणून आधी तास मोजायला शिका. कमर्शियल पायलट लायसन्सला किमान २०० तास लागतात. त्यात १०० तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्या १०० पैकी ५० क्रॉस कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे), आणि त्यात एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेली. १० तास इन्स्ट्रुमेंट (बाहेर न पाहता फक्त उपकरणांवर), रात्रीचे ५ तास आणि रात्रीची १० टेकऑफ-लँडिंग. एअरलाइनला यावर मल्टी इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाचं) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगही, म्हणजे लायसन्सवरची जादा पात्रता, हवं असतं.

आता शाळेकडे विकायला किती तास आहेत ते पाहा. वेबसाइटवर ८ विमानं असतात. तळावर गेलं की एकाचं इंजिन ओव्हरहॉलला (पूर्ण खोलून दुरुस्तीला) गेलेलं, एकाचा प्रोपेलर काढलेला, एक १०० तासांच्या तपासणीत, आणि एक इतके दिवस जागचं हललेलं नाही की त्याच्या बसक्या टायरांवरूनच कळतं. उडणारी ४. प्रत्येक विमान दिवसाला ४ तास, महिन्यात २० दिवस उडालं असं उदार मनाने धरू. ४ × ४ × २० म्हणजे महिन्याला ३२० तास. शाळेत मुलं ८०. प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला ४ तास. २०० तासांना ५० महिने. यात पावसाळा धरलेलाच नाही. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग खाली येतात आणि सोलो (विद्यार्थ्याने एकट्याने करायचं) फ्लाइंग जवळजवळ ठप्प होतं. डिसेंबरच्या सकाळी धुक्याने दृश्यता ५ किलोमीटरच्या खाली असली की दहा वाजेपर्यंत सगळी मुलं कँटीनमध्ये.

हा गुणाकार शाळेला येत नाही असं नाही. तरीही ८१ वा प्रवेश दिला जातो, कारण आधीच्या मुलांची फी खर्चून झालेली असते. सेसना १७२ वर बसणाऱ्या लायकमिंग इंजिनांचं ओव्हरहॉल साधारण २००० तासांनी येतं. विमान महिन्याला ८० तास उडत असेल तर दर दोन वर्षांनी. त्यासाठी दर उडालेल्या तासामागे काही पैसे बाजूला ठेवावे लागतात. ते पगारात, विमानांच्या हप्त्यांत आणि इंधनात गेले की ओव्हरहॉलच्या दिवशी विमान उभं राहतं ते उभंच. मग नव्या बॅचच्या ॲडव्हान्सवर जुन्या बॅचचं पेट्रोल भरायचं. भिशीवाला बुडतो तो याच वाटेने. अमेरिकेत लास वेगासची एक मोठी हेलिकॉप्टर शाळा फेब्रुवारी २००८ मध्ये अशीच एका रात्रीत बंद झाली आणि कर्ज काढून आगाऊ फी भरलेली मुलं देशभर अडकली. तिथेही हेलिकॉप्टरं खरीच होती.

पैसे भरण्याआधी तळावर जा, पण शाळा बोलावेल त्या 'ओपन डे'ला नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला एखादा साधा मंगळवार-बुधवार धरा आणि सकाळपासून सूर्यास्तापर्यंत धावपट्टी दिसेल अशा जागी बसा. कोणत्या नोंदणी क्रमांकाचं ('व्हीटी'ने सुरू होणाऱ्या) विमान किती वेळा उठलं ते वहीत लिहा. असे दोन दिवस पुरतात. ट्रॅकिंग ॲपवर विसंबू नका, प्रत्येक ट्रेनर विमान त्यात दिसतंच असं नाही. नंतर रिसेप्शन टाळून हॉस्टेलच्या मेसमध्ये जा आणि जुन्या मुलांना एकच प्रश्न विचारा: गेल्या तीन महिन्यांत तुझे किती तास झाले? 'एकूण किती झाले' हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण सुरुवातीचे २०-३० तास बहुतेक शाळा झटपट देतात. तोवर पुढचा हप्ता भरून झालेला असतो.

आणखी काही गोष्टी विचारा. प्रत्येक विमानाचं एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट (उडण्यास योग्य असल्याचा दाखला) कधीपर्यंत आहे? चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर पूर्णवेळ इथलाच आहे की दोन तळांमध्ये वाटलेला? धावपट्टीवर दिवे आहेत का? नसले तर नाइट फ्लाइंगसाठी दुसऱ्या गावी नेतात, आणि तिथलं राहणं, लँडिंग चार्ज, विमान नेण्या-आणण्याचे तास कोणाच्या खात्यात पडतात ते कुठेच लिहिलेलं नसतं. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग शाळांची श्रेणी वर्षातून दोनदा जाहीर करते. पहिल्या यादीत ए प्लस प्लस आणि ए प्लस या वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. माहितीपत्रकात 'देशातली नंबर वन' वाचाल तेव्हा ही यादी शेजारी ठेवा.

फीच्या बाबतीत तर हट्टच धरा. एकरकमी भरल्यास ३ लाख सूट, असं सांगितलं जातं. ती सूट म्हणजे तुम्ही शाळेला दिलेल्या बिनव्याजी कर्जाची दलाली. आधी १०-२० तासांचे पैसे, ते उडाले की पुढचे. ते जमत नसेल तर निदान पाच-सहा हप्ते, आणि प्रत्येक हप्ता तारखेला न बांधता तासांच्या टप्प्याला बांधलेला: सोलो झाल्यावर, ६० तासांवर, १२० तासांवर. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. म्हणजे शाळा बुडाली तरी घर तुमचंच जाणार. म्हणून बँकेलाही लेखी सांगा की पुढचा हप्ता लॉगबुकाची प्रत पाहूनच शाळेला द्यावा. करारात तीन वाक्यं हवीतच: न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, तासाचा दर कधीपर्यंत कायम, आणि बारावीची मूळ मार्कशीट व लॉगबुक विद्यार्थ्याकडेच राहील. मूळ कागद किंवा सही केलेले कोरे चेक मागणाऱ्या शाळेत दुसरं काही तपासत बसू नका, परत या.

शाळेची नियत चांगली असली तरी आगाऊ रक्कम धोक्यात येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन ट्रेनर विमानं कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं सगळ्या तळांवरचं फ्लाइंग थांबवलं. त्यात फसवणुकीचा प्रश्न नव्हता. पण असं काही घडलं की त्या दिवशी ज्याचे जितके तास आगाऊ भरलेले, तितका तो अडकतो.

मेडिकलचा क्रम उलटा करणं ही जुनी चलाखी. 'ॲडमिशन घेऊन ठेवा, सीट्स संपतायत, मेडिकल नंतर होईल.' नंतर रंगदृष्टीत दोष निघतो आणि प्रवेशशुल्क 'नॉन रिफंडेबल' ठरतं. आधी क्लास टू, मग क्लास वन, त्यानंतरच चेकबुक उघडा. डीजीसीएच्या परीक्षांना लागणारा कॉम्प्युटर नंबर काढून देतो म्हणून हजारो रुपये घेणारेही भेटतील. तो अर्ज डीजीसीएच्या पोर्टलवर घरी बसून करता येतो.

आता बारीक चोरीबद्दल, कारण ती कोणी मोजत नाही. बहुतेक ट्रेनर विमानांत हॉब्स नावाचा मीटर असतो. तो सहसा इंजिनाच्या ऑइल प्रेशरवर चालतो, म्हणजे इंजिन सुरू असलं की घड्याळासारखा पुढे सरकतो, मग तुम्ही हवेत असा नाहीतर टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर) रांगेत. टॅकोमीटरचा काउंटर मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, इंजिन नुसतं सुरू ठेवलं की हळू. काही शाळा बिल लावतात हॉब्सवर आणि लॉगबुकात लिहितात फक्त हवेतला वेळ. फ्लाइट टाइमची रूढ व्याख्या विमान उड्डाणासाठी हललं तिथपासून पूर्ण थांबेपर्यंत अशी आहे. त्यामुळे टॅक्सीवेवरची ती मिनिटं तुमच्या लॉगबुकात यायला हवीत. दर सॉर्टीला (उड्डाणाला) ०.२ तासाचा फरक, १५० सॉर्टी, म्हणजे ३० तास. तासाला १५ हजार धरले तर साडेचार लाख. यावर उपाय साधा: प्रत्येक सॉर्टीआधी आणि नंतर दोन्ही मीटरचा फोटो.

मल्टी इंजिनचे पैसे सुरुवातीलाच घेतले जातात. शाळेत असं विमान सहसा एकच असतं आणि तेच सर्वात जास्त वेळा ग्राउंडेड असतं. १८० तास झालेली मुलं त्या एका विमानासाठी आठ-आठ महिने थांबतात. हा हप्ता शेवटचा ठेवा आणि विमान तुमच्या डोळ्यांसमोर उडाल्याशिवाय भरू नका.

याच टप्प्यावर, मूल वाट पाहून थकलेलं आणि घरी ईएमआय सुरू झालेला असताना, कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, 'राहिलेले ५० तास न उडताच लॉगबुकात भरून घेऊ, सही कर. सगळेच घेतात.' इथपर्यंत तुम्ही फसलेले होता. या सहीनंतर गुन्ह्यात सामील होता, आणि शाळेला तेच हवं असतं, कारण आता तुम्ही तक्रार करू शकत नाही. कागदावरचे तास पकडणं अवघडही नाही. विमानाचं टेक लॉग (त्याच्या उड्डाणांची आणि दुरुस्तीची वही), ऑथोरायझेशन रजिस्टर (उड्डाणाच्या परवानगीची नोंद), टॉवरची नोंद आणि इंधनाची बिलं, चारही एकमेकांना जुळावी लागतात. सेसना १५२ तासाला साधारण २३ लिटर पिते, १७२ तीसेक. महिन्याला ३२० तास दाखवले आणि ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) आलंय २००० लिटर, तर बाकीची विमानं काय हवेवर उडाली? एकाच विमानात एकाच वेळी दोन मुलं 'सोलो' असल्याच्याही नोंदी निघतात.

२०११ साली हे प्रकरण देशभर गाजलं. जानेवारीत गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एक प्रवासी विमान मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकावर उतरवलं गेलं. चौकशीत वैमानिकाच्या कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या लायसन्सची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग डीजीसीएने हजारो लायसन्स तपासायला काढली. राजस्थानात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने न उडालेले तास लिहून देणारं प्रकरण उघड केलं आणि अटका झाल्या. एअरक्राफ्ट रूल्समधल्या नियम १९ खाली लायसन्स रद्द होतं ते कितीही वर्षांनी, तुम्ही तोवर कॅप्टन झाला असलात तरी.

लायसन्स हातात आल्यावर दुसरी टोळी भेटते. 'ए-३२० चं टाइप रेटिंग करा, नोकरी पक्की.' एअरबसच्या त्या एका प्रकारच्या विमानाच्या रेटिंगचा खर्च १५ लाखांच्या पुढे जातो, वर एजंटचे ४-५ लाख. एअरलाइनची लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक, सिम्युलेटर चाचणी आणि मुलाखत एजंटच्या हातात नसते. कॅडेट प्रोग्रॅम असेल तर तो एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर दिसतो. तिथे नसेल तर ऑफर लेटरवर कितीही सुबक लोगो असो, तो छापायला दहा रुपये लागतात.

चार्टर आणि कॉर्पोरेट विमानांच्या जगात गोष्ट आणखी धूसर आहे. जाहिरात न निघता ओळखीवर जागा भरतात, त्यामुळे 'मालकाशी बोलणं झालंय' हे वाक्य खपतं. १०-१२ लाख भरा, किंग एअरवर (दोन इंजिनांचं छोटं विमान) उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटवर बसा, ३०० तास मिळतील. विमान महिन्यातून १५ तास उडतं आणि त्या सीटसाठी पैसे भरलेले चार जण असतात. भागाकार करा. शिवाय किंग एअर बी-२०० सारखं विमान मुळात एका वैमानिकासाठीही प्रमाणित आहे. त्यामुळे विमान चालवायचं परमिट असलेल्या कंपनीच्या क्रू यादीत तुमचं नाव, तुमचं रेटिंग आणि कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये दोन वैमानिकांची अट हे तिन्ही नसेल, तर ते तास पुढे कोणी मोजणार नाही. पगाराऐवजी पैसे मागणाऱ्याकडून नेमणूकपत्र आणि परमिटचा नंबर लेखी घ्या. टाळाटाळ झाली की समजून जा.

परदेशात शिकायचं असेल तर फी थेट तिथल्या शाळेच्या खात्यात भरा, पुण्या-मुंबईतल्या सल्लागाराच्या खात्यात नाही. 'कन्व्हर्जन (परदेशी लायसन्सचं भारतीय करून घेणं) पॅकेजमध्ये आहे' म्हणजे नेमकं काय आहे ते लिहून घ्या. परत आल्यावर डीजीसीएचे पेपर तुम्हालाच द्यायचे असतात आणि लायसन्सच्या खरेपणाची पडताळणी त्या देशाच्या नियामकाकडूनच यावी लागते.

आधीच अडकला असाल तर भांडण काढण्यापूर्वी कागद सोडवा. आजपर्यंतचं लॉगबुक चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या सही-शिक्क्याने पूर्ण करून घ्या, ट्रेनिंग रेकॉर्डची प्रत आणि एनओसी मिळवा. आवाज चढवल्यावर हे कागद मिळत नाहीत. प्रत्येक फोननंतर त्यात ठरलेलं ईमेलने लिहून पाठवा. पैसे एजंटला ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. फसवणुकीची तक्रार आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते. ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत भरलेल्या रकमेचा दावा जिल्हा आयोगात चालतो, मुदत दोन वर्षांची. मात्र शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येतात का यावर शाळेचा वकील वाद घालणारच, म्हणून केवळ त्याच वाटेवर राहू नका.

नवी शाळा जुने तास मानेल, पण वर ५-१० तासांचे चेक फ्लाइट घ्यायला लावेल. तो खर्च धरून चाला. आणि तारखा पाहा: अर्जाच्या दिवसापासून मागच्या ५ वर्षांतलेच २०० तास धरले जातात. २०२२ साली उडालेले पहिले ३० तास २०२७ मध्ये एकेक करून गळू लागतात. जुनी शाळा तडजोड म्हणून थोडे पैसे आणि एक 'नो ड्यूज' कागद पुढे करेल. त्यावर सही करण्याआधी लॉगबुक तुमच्या पिशवीत आहे ना, ते बघा.